दारू सोडू पाहणाऱ्यांची बैठक
(जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त झालेले भाषण)



देवाच्या दारात दारूचा विषय कशाला, असे कोणाच्या मनात येईल. परंतु ज्या घरात पिणारा असतो त्या घरातली बाई सर्वांत आधी देवाच्याच दारात येते. डॉक्टरकडे ती मागाहून जाते, पोलिसात त्याहून मागाहून. नवस बोलते, सोमवार धरते, अंगारा नेऊन त्याच्या उशाखाली ठेवते. तेव्हा हा विषय बाहेरून इथे आणलेला नाही, तो या पायरीवर पूर्वीपासून बसलेलाच आहे.

तालुक्याच्या कचेरीत एक टेबल असे असते की जिथे दारूचा हिशेब न मागता कळतो. ते म्हणजे संजय गांधी निराधार योजनेचे टेबल. तिशी-पस्तिशीची बाई अर्ज घेऊन येते, कडेला पोर, सोबत म्हातारी सासू. मृत्यूच्या दाखल्यावर काय लिहिले असेल ते असो, नवरा कशाने गेला असे विचारले की बाई खाली बघते आणि म्हातारी अंगठा तोंडाकडे नेऊन दाखवते. पुढे कोणी काही विचारत नाही. अर्ज नोंदवला जातो. या टेबलावर सरकारची मदत पोचते ती माणूस गेल्यावर. तो जिवंत असताना त्याच्यासाठी कोणते टेबल आहे, हा आजच्या बोलण्याचा विषय.

आपल्या भागाने दारूशी झुंज दिलेली नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. सन १९३७-३८ च्या सुमारास तळोदा तालुक्यातील मोरवड-रंजनपूर येथे गुलाम महाराजांनी आरतीची परंपरा सुरू केली. हजारो आदिवासी बांधव एकत्र जमत, स्नान करून आरती करीत, आणि दारू सोडल्याचे सांगत. एकमेकांना ‘अरे-तुरे’ न करता ‘आप’ म्हणावे, अशी महाराजांची शिकवण होती. ज्याला साऱ्या गावाने ‘ए’ म्हणून हाक मारली त्याला कोणी ‘आप’ म्हटले की त्याचा हात पेल्याकडे जाताना थोडा थबकतो, ही गोष्ट महाराजांनी ओळखली होती. सन १९३८ मध्ये महाराज गेले आणि त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी ते काम पुढे नेले.

त्यानंतर सन १९७२ उजाडले. दुष्काळाचे दिवस. शहाद्यात जमिनीसाठी व मजुरीसाठी श्रमिक संघटना उभी राहिली. गावोगाव भजने म्हणत फिरणारे अंबरसिंग महाराज त्या चळवळीच्या अग्रभागी होते. संघटनेच्या निमित्ताने आदिवासी बाया एकत्र बसू लागल्या, आणि एकत्र बसल्यावर मजुरीच्या आधी दुसरीच गोष्ट निघाली. मजुरी मिळाली तरी ती गुत्त्यावर जाते आणि रात्री घरी मार मिळतो. मग बायांच्या टोळ्या गावोगाव निघाल्या. हातभट्टीचे माठ फुटले, बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना भर गावात जाब विचारला गेला. शहाद्याच्या बायांचे हे काम पुढे देशभरच्या स्त्री-चळवळीच्या इतिहासात नोंदले गेले. आपल्याकडे मात्र नव्या पिढीला ते फारसे कोणी सांगत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

या दोन्ही प्रसंगांत एक गोष्ट सारखी आहे. दोन्ही ठिकाणी माणसे आधी एकत्र बसली. घरातले घरातच ठेवायचे ही रीत मोडून एकाने दुसऱ्याला सांगितले, आणि त्यातून बळ आले. पण माठ फुटला तरी ज्याला पिण्याची सवय अंगात मुरली आहे त्याची संध्याकाळ फुटत नाही. भट्टी गेली की तो पलीकडच्या गावी जातो. सूर्य मावळतीला लागला की त्याच्या जिवाची घालमेल सुरू होते, आणि त्या वेळी तो एकटा असतो.

एकट्याने सोडण्याचे सर्व उपाय आपल्याकडे करून झालेले आहेत. देवापुढे बेलभंडार उचलणे झाले. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ झाली. काही जण तर स्टॅम्प पेपरवर लिहून देतात, ‘यापुढे मद्यप्राशन करणार नाही’, खाली दोन साक्षीदार. कागद पक्का असतो, माणूस कच्चा असतो. होळीला शपथ घेतलेला अक्षय्य तृतीयेला गटारात सापडतो. तो खोटे बोलला होता का? नाही. शपथ घेताना तो मनापासून रडत होता. यालाच वैद्यकशास्त्र आजार म्हणते. सकाळी हात कापतात म्हणून ‘उतारा’ घ्यावा लागणे (कचेरीतला उतारा निराळा, हा निराळा) हे काही मौजेचे लक्षण नव्हे.

यात एक अपवाद दिसतो आणि तो विचार करण्यासारखा आहे. ज्यांनी तुळशीची माळ घातली त्यांतले पुष्कळ जण टिकले. का टिकले? माळेचा महिमा आहेच. पण माळेबरोबर दिंडी आली, एकादशीचे भजन आले, संध्याकाळी टाळ घेऊन बोलावायला येणारा शेजारी आला. ती संध्याकाळ त्याला मंडळीत काढायला मिळाली.

आता थोडे दूर जाऊ. सन १९३५ मधली गोष्ट आहे, अमेरिकेतील ॲक्रन नावाच्या शहरातली. तिथे टायर बनवण्याचे मोठमोठे कारखाने होते. न्यूयॉर्कचा बिल विल्सन नावाचा एक शेअर दलाल धंद्याच्या कामासाठी तिथे आला होता. दारूपायी त्याने नोकरी, पैसा, पत सर्व घालवले होते, आणि डिसेंबर १९३४ पासून जेमतेम पाच महिने तो कोरडा होता. ॲक्रनचे काम फसले. खिसा रिकामा. मे महिन्यातल्या शनिवारची संध्याकाळ. हॉटेलच्या दिवाणखान्यात तो येरझारा घालीत होता. एका टोकाला दारूचा बार, आतून हसण्याचा आवाज. दुसऱ्या टोकाला भिंतीवर गावातल्या चर्चची यादी, आणि जवळच टेलिफोन.

त्याच्या लक्षात एक गोष्ट आली होती. गेल्या पाच महिन्यांत त्याने अनेक दारुड्यांना उपदेश केला, त्यांतला एकही सुधारला नाही. पण उपदेश करणारा हा मात्र त्या काळात प्यायला नव्हता. म्हणजे त्या संध्याकाळी त्याला स्वतः वाचायचे असेल तर आणखी एक दारुडा शोधणे भाग होते. त्याने यादीतल्या एका धर्मगुरूला फोन लावला. त्याच्याकडून काही नावे मिळाली. एकेक करीत फोन लावत अखेर हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंशी बोलणे झाले. त्यांच्या माहितीत एक डॉक्टर होते.

ते डॉक्टर म्हणजे रॉबर्ट स्मिथ, चांगले शल्यविशारद, पण दारूने पार वाया गेलेले. दुसऱ्या दिवशी, १२ मे १९३५ रोजी संध्याकाळी ५ वाजता ते आले. पत्नीच्या आग्रहाखातर आले होते आणि पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबणार नाही असे बजावूनच आले होते. रात्री ११ वाजून गेले तरी दोघे बोलतच होते. बिलने त्यांना एक शब्दही उपदेश केला नाही. फक्त आपले काय काय झाले ते सांगितले. डॉक्टरांना उपदेश करणारे शहाणे लोक पुष्कळ भेटले होते. पण स्वतः त्या चिखलातून आलेला, आणि तेवढ्याच विषयावर बोलणारा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटत होता.

डॉक्टर लगेच सुधारले असे समजू नका. जून महिन्यात ते एका परिषदेला गेले आणि तिथे पुन्हा भरपूर प्याले. परतल्यावर एक शस्त्रक्रिया ठरलेली होती. १० जूनच्या सकाळी त्यांचे हात स्थिर राहावेत म्हणून बिलनेच त्यांना बिअर दिली. ती त्यांची शेवटची दारू. सन १९५० मध्ये ते वारले तोपर्यंत पुन्हा त्यांनी घेतली नाही. त्या १० जूनला ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’, म्हणजे ‘ए.ए.’, या संघटनेचा जन्मदिवस मानतात. लगेच दोघे मिळून तिसऱ्याला शोधायला इस्पितळात गेले. तो एक वकील होता, दारूच्या भरात त्याने परिचारिकांना मारले होते म्हणून त्याला पलंगाला बांधून ठेवले होते. तोही सुधारला. आज ही मंडळी सुमारे १८० देशांत आहेत. आपल्या देशात, मुंबईत, सन १९५७ मध्ये त्यांच्या बैठका सुरू झाल्या.

या बैठकीत होते काय? कचेरीची सवय असलेल्याला तिथे गेल्यावर चुकल्यासारखे होईल. अर्ज नाही. हजेरीपट नाही. रहिवासी दाखला नाही, दोन फोटो नाहीत, फी नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच पात्रता, आणि ती खरी की खोटी हे तपासणारा अधिकारीही नाही. पाच-पंचवीस खुर्च्या, कुठे सतरंजी, चहाची किटली. तास-दीड तासाची वेळ. एकेक जण उठतो, फक्त आपले पहिले नाव सांगतो, मी दारुडा आहे असे म्हणतो, आणि आपल्याविषयी बोलतो. दुसऱ्याने काय करावे हे कोणी कोणाला सांगत नाही. ऐकणारे ऐकतात. तिथे ऐकलेले तिथेच ठेवायचे, ही शिस्त. आडनाव विचारायचे नाही, जात विचारायची नाही, पक्ष तर नाहीच नाही. परमेश्वराचे नाव घेतात, पण ज्याला जसा उमजेल तसा. न मानणाराही त्या खुर्चीवर बसू शकतो.

आणि शपथ? आयुष्यभराची शपथ तिथे कोणी घेत नाही. आजचा दिवस प्यायची नाही, एवढेच. उद्याचे उद्या. हे ऐकायला पळवाटेसारखे वाटते. पण ज्याने जन्माची शपथ दहा वेळा मोडली आहे त्याला चोवीस तासांचा करार झेपतो. मध्येच जिवाची घालमेल झाली तर पेला हातात घेण्याआधी जुन्या सभासदाला फोन करायचा. पाय घसरलाच तर पुढच्या बैठकीला पुन्हा यायचे आणि पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायचे. त्याला कोणी टोचून बोलत नाही, कारण तिथे बसलेल्यांतले पुष्कळ जण कधी ना कधी घसरलेले असतात.

ही नुसती भाबडी गोष्ट आहे असे कोणास वाटेल. सन २०२० मध्ये कॉक्रेन या नामांकित वैद्यकीय संस्थेने २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करून तपासली. दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत ए.ए. आणि त्याकडे वळवणारे उपचार हे इतर मान्य उपचारांच्या तोडीचे, पुष्कळदा त्यांहून सरस ठरले. सर्वांनाच गुण येतो असे मात्र नाही, हेही सांगितले पाहिजे.

आपल्या महाराष्ट्रात या कामाला मोठे वळण दिले ते पुण्याच्या मुक्तांगणने. २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिल अवचट आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी ते केंद्र सुरू केले. पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांनी त्यासाठी देणगी दिली. सुरुवातीला गर्दच्या व्यसनात सापडलेल्या तरुणांसाठी निघालेल्या या केंद्रात पुढे दारूचे रुग्णही मोठ्या संख्येने येऊ लागले. तिथला महिना-सव्वा महिना मोलाचा. पण तिथून घरी आल्यानंतरचे काय, हा प्रश्न त्यांनाही पडला, म्हणून बरे झालेल्यांना पुन्हा पुन्हा एकत्र आणण्याचे काम ते करतात. पत्नींसाठी त्यांचा ‘सहचरी’ गट आहे. अमेरिकेतही सन १९५१ मध्ये बिल विल्सनच्या पत्नी लोइस यांनी घरच्या मंडळींसाठी ‘अल-ॲनॉन’ काढले. नवरा सुधारला तरी बाईच्या पोटातला गोळा लगेच जात नाही. तो पाच मिनिटे उशिरा आला तरी ती दारातच उभी असते. तिलाही तिच्यासारखीशी बोलायला हवे.

एक सूचना मात्र कान देऊन ऐकावी. जो वर्षानुवर्षे रोज आणि भरपूर पितो त्याने एकदम, घरच्या घरी, कोंडून घेऊन सोडू नये. दोन-तीन दिवसांत फिट येणे, भ्रम होणे, भलते दिसणे-ऐकणे असे प्रकार होतात आणि त्यात माणूस दगावूही शकतो. घरचे म्हणतात बाहेरचे झाले, आणि नेतात भगताकडे. आधी डॉक्टर, मग बैठक. बैठक म्हणजे दवाखाना नव्हे.

आता आपल्या शहाद्याच्या माणसाने ही बैठक शोधायची कशी? धरा, आपल्याच गल्लीतला कोणी आहे. साखर कारखान्यात कामाला असेल, केळी-पपईच्या बागेत सालदार असेल, किंवा कचेरीतलाच असेल. कचेऱ्याही काही कोरड्या नाहीत. ही मंडळी जाहिरात करीत नाहीत. पाटी लावली तरी ती लहान. म्हणून विचारणे भाग पडते, आणि विचारायला जीभ रेटत नाही. मोठ्या शहरांतून बैठका आहेत, पण आठवड्याला एस.टी.ने तितके लांब जाणे मजुराला परवडणारे नाही. सरकारची व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही विनामूल्य टेलिफोन सेवा आहे, तिथे जवळच्या केंद्राची चौकशी करता येते. मुक्तांगणकडे विचारता येते. सन २०२० च्या टाळेबंदीत खोल्या बंद झाल्या तेव्हा जगभर मोबाईलवरून बैठका सुरू झाल्या, आणि त्यांतल्या पुष्कळ अजून चालतात. शेतात बांधावर बसून, कानाला यंत्र लावून दूरच्या गावातल्या माणसाचे बोलणे ऐकता येते. आपले नाव कोणाला कळत नाही. पहिले पाऊल म्हणून हे सोयीचे आहे.

पण सोय झाली म्हणजे काम झाले असे नाही. मोबाईलची बॅटरी संपते, आणि त्यातला माणूस संध्याकाळी दारात येऊन हाक मारीत नाही. त्यासाठी गावातलाच माणूस हवा. इथे या संघटनेचा एक नियम आपल्या फार कामाचा आहे. दारू सोडण्यासाठी दोघे-तिघे एकत्र बसले की बैठक झाली. परवानगी नको, नोंदणी नको, शाखेचे पत्र नको. म्हणजे शहाद्यात बैठक शोधायची तर पंचवीस खुर्च्या शोधायच्या नाहीत. एक माणूस शोधायचा. ॲक्रनच्या हॉटेलात त्या संध्याकाळी बैठक कुठेच नव्हती, शोधणाऱ्याने फोन लावला आणि ती झाली.

लोक म्हणतील, लहान गावात हे कसे जमावे? शहरात नाव लपते, इथे चपलेवरून माणूस ओळखतात. अडचण खरी आहे. परंतु थोडा विचार करावा. तो पितो हे कोणापासून लपले आहे? बसस्थानकावर पडलेला त्याला पोराटोरांनी पाहिला आहे, किराणा दुकानाच्या वहीत त्याचे नाव आहे. पितो हे गावाला पाठ असते. त्याला सोडायची आहे एवढेच तेवढे तो लपवतो. कारण सोडायला निघाला आणि पुन्हा घसरला तर लोक हसतील. पिणाऱ्याला गाव हसत नाही इतके सोडणाऱ्याला हसते. ‘काय, आज सोमवार वाटते!’ असे म्हणत आग्रहाने पेला पुढे करणारे आपल्यातलेच असतात, आणि लग्नाच्या वरातीत तर त्याला सोडवत नाहीत. हे हसणे थांबले तर निम्मी अडचण दूर होईल.

ज्याला अगदीच संकोच आहे त्याच्यासाठी तालुक्याच्या बाजाराचा दिवस बरा. त्या दिवशी शहाद्याला कशाला आलास असे कोणी विचारत नाही. मात्र त्याच दिवशी खिशात पैसे असतात आणि गुत्ताही वाटेतच असतो, म्हणून बैठक परतीच्या वेळेआधी व्हावी. एरवी वेळ संध्याकाळची, दिवेलागणीची. तीच वेळ जड जाते. बोलणे अहिराणीत चालेल, गुजरीत चालेल, भिलीत चालेल. दुःख आपल्या बोलीत जसे बाहेर येते तसे पुस्तकी भाषेत येत नाही.

राहता राहिली जागा. शाळेची खोली असेल, ग्रामपंचायतीची असेल. आपल्या सभामंडपालगतची ओवरी आता बांधून झाली आहे. सण-उत्सव सोडले तर ती आठवड्यातले बरेच दिवस रिकामी असेल. विश्वस्त मंडळाने एक संध्याकाळ तिच्यासाठी मोकळी ठेवावी, अशी विनंती आहे. त्या बैठकीत मंडळाने भाषण करू नये, हार-नारळ आणू नये, फोटो काढू नये. बैठकीची मंडळी आपसात थैली फिरवून भाड्यादाखल चार पैसे देतील, ते नाकारू नयेत. बाहेरची देणगी घ्यायची नाही आणि आपला खर्च आपण भागवायचा हा त्यांचा नियम आहे, आणि वर्षानुवर्षे घरच्यांच्या जिवावर प्यायलेल्या माणसाला ते चार पैसे देताना काय वाटते ते त्यालाच ठाऊक. किल्ली पुजारीबुवांकडे राहील. किल्ली नेणाऱ्याची वहीत सही घ्यावी, परत केल्याची वेळ लिहावी, आणि कारणाचा रकाना कोरा ठेवावा.